हिराचं माप

परवा नातीने पुण्याहून पाठवलेलं खोकं आलं. आत बूट होते. मागवण्याआधी तिने फोनवर बजावलं होतं, "आजी, रुंद पायांचे बूट आता वेगळे मिळतात. दिसायलाही छान असतात. तू फक्त पायाची लांबी आणि रुंदी मोजून सांग." मग ओरोसच्या या घरात मी एकटीच फरशीवर बसले, दुखरा गुडघा कसाबसा वाकवला, पट्टी लावली आणि दोन्ही आकडे तिला कळवले. बूट बरोबर बसले. मी ते घालून दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेले, तिथून परत आले आणि खुर्चीवर बसले. बघायला कोणी नव्हतं, पण बरं वाटलं. लांबी सगळेच विचारतात. माझ्या पायाची रुंदी विचारणारी नात ही आयुष्यातली दुसरी. पहिल्या माणसाबद्दल मी आजवर कोणाला काही सांगितलेलं नाही, ते आता लिहून ठेवते.

माझे पाय रुंद आहेत. थोडे नव्हे, चांगलेच. टाचेकडे ठीक, पण पुढे बोटांकडे आले की असे पसरतात की चपलेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. माझेही दिसले असतील, पण दिसून कोणाला काही कळलं नाही. आई मी तीन वर्षांची असताना गेली. बाबा मुंबईला. मी काका-काकींकडे वाढले, त्यांच्या दोन मुलींबरोबर, शालू आणि बेबी. काकी वाईट नव्हती, हे आधीच सांगते. तिने मला कधी उपाशी ठेवलं नाही की माझ्यावर हात उगारला नाही. पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. मी खळ्यातून ओल्या पायांनी पडवीत आले, की सारवलेल्या जमिनीवर उमटलेली पावलं बघून ती म्हणायची, "अंथरूण बघून पाय पसरूचे म्हणतत. ह्या चेडवाचे पाय अंथरूण नसतानाच पसरले." शालू-बेबी हसायच्या. मीही हसायचे. न हसून जाणार कुठे?

आमचं गाव देवगडपासून बरंच आत, समुद्र न दिसणारं. भात, काजू, घरामागे आंब्याची चार झाडं. सकाळी जाग यायची ती काकीच्या रगड्याच्या घरघरीने, आणि त्या आवाजावरून कळायचं की आज घावणे आहेत की नुसती पेज. घावणे असले की रगडा बराच वेळ फिरायचा. पेज असली की घर गप्प. उकड्या तांदळाची गरम पेज, सोबत आंब्याच्या लोणच्याची फोड किंवा चुलीत भाजलेला सुका बांगडा. आम्ही तिघी एका ओळीत बसायचो आणि काकी वाढताना पहिल्यांदा शालू, मग बेबी, मग मी अशी यायची. वयाने मी मधली होते. ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसेल, अगदी काकीच्याही. माझ्या मात्र रोज लक्षात यायची.

गावात चपलांचं दुकान नव्हतं. चपला मुंबईहून यायच्या, आणि त्यांचं माप जायचं ते माडाच्या हिरावरून. झावळीच्या पातीतला मधला कडक दांडा म्हणजे हीर, ज्याची केरसुणी करतात तोच. मे महिन्यात आंब्यांसाठी आलेला वाडीतला कोणी मुंबईला परतायला निघाला, की काकी आम्हाला पडवीत भिंतीला टाचा लावून उभं करायची, पायाखाली हीर धरायची आणि अंगठ्याशी मोडायची. शालूच्या हिराला लाल दोरा, बेबीच्या हिराला काळा, माझ्या हिराला पांढरा. ते तीन तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून मुंबईला बाबांकडे जायचे आणि चतुर्थीला बाबा येताना चपला घेऊन यायचे. वाडीतल्या सगळ्या घरांत हीच पद्धत होती. एका वर्षी बेबीचा हीर वाटेत टोकाला मोडला आणि तिला बाहुलीच्या मापाच्या चपला आल्या, त्यावर सगळी वाडी आठवडाभर हसली. पण हिराने लांबी कळते, रुंदी कळत नाही, हे कोणाला सुचलं नाही. सुचायचं कारणही नव्हतं. बाकी सगळ्यांचे पाय लांबीला साजेसे रुंद होते.

बाबा मुंबईत एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. सबंध दिवस स्टुलावर बसून. लिफ्टमध्ये साहेब लोकांच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, असा त्यांचा त्यांनीच घातलेला नियम होता, म्हणून ते खाली बघायचे. त्यामुळे मुंबईतल्या बायका यंदा पायात काय घालतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ते तसल्याच चपला शोधून आणायचे. पुढे निमुळत्या, बारीक पट्ट्यांच्या, सोनेरी बक्कल लावलेल्या, टाचेला दोन बोटं उंच. शालू म्हणायची, "काकांका खरा कळता." आणि खरंच कळायचं. मी तेवढ्या सुंदर चपला पुढे नोकरी लागल्यावरही स्वतःसाठी घेतल्या नाहीत.

त्या माझ्या पायात शिरायच्या, नाही असं नाही. मी बोटं एकावर एक चढवून ती आत कोंबायची. बाबांसमोर पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायची. "बऱ्यो आसत?" ते विचारायचे. "बऱ्यो आसत," मी म्हणायची. मग आरतीची हाक यायची, पाहुणे यायचे, भजनीबुवांचा चहा करायचा असायचा, आणि पाच दिवसांनी गणपतीबरोबर बाबाही जायचे. ते गेल्यावर चपला माळ्यावर. जत्रेला, लग्नाला मी त्या हातात धरून जायची आणि मांडवाच्या दारात पायात चढवायची. करंगळ्यांना फोड यायचे. परतीच्या वाटेवर शालू-बेबी पुढे बोलत चालायच्या आणि मी मागे, अनवाणी, चपला हातात. मला त्या चपलांच्या आवाजाचा मोह होता. बाबा सांगायचे की मुंबईच्या फरशीवर अशा चपला टॉक टॉक वाजतात. आमच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर काही वाजायचं नाही. पुढे ओरोसच्या कचेरीत नोकरीला लागले तेव्हा लांबच लांब फरशीवर पहिल्यांदा माझ्या पायांचा आवाज मी ऐकला आणि मागे वळून बघितलं, कोण येतंय म्हणून.

मी आठवीत गेले त्या मे महिन्यात मला एक शोध लागला. पाणी भरायला जाताना घाईत काकांच्या चपला पायात सरकवल्या आणि त्या बसल्या. मागे लांब होत्या, पण रुंदीला अगदी बरोबर. म्हणजे चपल लांब असली की रुंदही असते! हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. काकीने नेहमीप्रमाणे तिघींचे हीर मोडून ठेवले. मी दुपारी हळूच झावळीचा नवा हीर काढला, माझ्या मापापेक्षा दोन बोटं लांब मोडला, जुन्याचा पांढरा दोरा सोडून याला बांधला आणि पुडीत ठेवून दिला. जुना चुलीत घातला. तो जळेपर्यंत मी तिथेच बसून होते.

माझा हिशेब फक्त चपलेचा होता. तिकडे मुंबईत तो हीर बाबांच्या हाती पडल्यावर काय होईल याचा विचार मी केला नव्हता. बाबांकडे माझा फोटो नव्हता. वर्षातले पाच दिवस सोडले तर माझं म्हणून जे काही त्यांच्याजवळ असायचं, ते तेवढंच, पांढऱ्या दोऱ्याचा हीर. आणि त्या वर्षी तो दोन बोटं जास्त वाढलेला होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काका आणि मी फाट्यावर गेलो. पाऊस भुरभुरत होता. एस्टी आली, चाकरमानी उतरले, टपावरून बोचकी खाली आली. बाबा उतरले आणि इकडेतिकडे बघू लागले. मी त्यांच्या समोर, चार हातांवर उभी होते. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून गेली, मागच्या बायकांमध्ये फिरली आणि परत आली. त्यांनी काकांना विचारलं, "सुमा खंय? इली नाय?"

"ही काय तुज्या फुड्यात," काका म्हणाले.

बाबांनी खाली बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "माका वाटला, तू आता माझ्या कानापर्यंत उंच झालंस," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी जाईपर्यंत ते काकांशी पावसापाण्याचं बोलत होते. मागून येताना मला कळलं की काहीतरी बिघडलंय आणि ते मीच बिघडवलंय.

घरी पिशवी उघडली. चपला होत्याच, पण माझ्यासाठी एक परकर-पोलकंही शिवून आणलेलं होतं, जांभळं, काठाचं. त्यांच्या खोलीवरच्या गाववाल्यांना त्यांनी हीर दाखवला होता. चेडू बघता बघता वाढलं, म्हणून सगळ्यांनी मिळून उंचीचा अंदाज बांधला होता आणि शिंप्याला सांगितला होता. मी परकर नेसून बाहेर आले तेव्हा वीतभर कापड जमिनीवर लोळत होतं. शालू आणि बेबी इतक्या हसल्या की बेबीला ठसका लागला. मी तशीच उभी. त्या वेळी मला चपलांची आठवणही नव्हती. वाटत होतं की मुंबईत बाबांची एक उंच, देखणी मुलगी होती, तिच्यासाठी त्यांनी हे सगळं केलं, आणि फाट्यावर मीच तिला मारून टाकलं. आता त्यांना माझ्यावरच भागवायला लागणार होतं.

बाबांनी शर्टाच्या खिशातून हीर काढला. चार महिने तो त्यांच्याजवळ राहून पिवळा पडला होता. दोरा पांढराच होता. "सुमा, हो हीर कोणाचो?"

"माझोच."

"ठेव बगू पाय."

मी पाय ठेवला. हीर अंगठ्याच्या पुढे दोन बोटं आला.

"लांब मोडलंस? कित्याक गो?"

मी रडायला लागले आणि रडता रडता सगळं बोलले. लांब चपल रुंद असते म्हणून. तुमी मुंबयसून हाडतास त्यो चपलो माका आवळतत म्हणून. बोटां दुकतत म्हणून. बाबांनी मध्ये एकदाच विचारलं, "कदीपासून?"

"पयल्यापासून."

"आनि माका बोललंस नाय?"

"तुमी पाच दिवस येतास," मी म्हटलं.

हे मी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पाच दिवसांत पायाचं बोलायला जागा कुठे होती, एवढंच मला सांगायचं होतं. पण शालू-बेबी हसायच्या थांबल्या. काकी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात हळदीची पानं होती, पातोळ्यांसाठी धुतलेली. ती म्हणाली, "तिच्या आवशीचेय पाय असेच. ती खंय कदी चपल घाली?"

बाबांनी हीर खिशात परत ठेवला. मग म्हणाले, "माका कदी कळूकच नाय." ते माझ्याबद्दल म्हणाले की आईबद्दल, मला माहीत नाही. आईच्या वेळीही ते वर्षाला पाच दिवसच यायचे.

मग त्यांनी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरचं संपलेल्या महिन्याचं पान फाडलं, कोरी बाजू वर करून जमिनीवर ठेवलं आणि शालूकडे पेन्सिल मागितली. "बस हंय. पाय ठेव." त्यांनी एका हाताने माझा घोटा धरला आणि दुसऱ्या हाताने पायाच्या कडेने पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. टाचेपासून, बाहेरच्या बाजूने, करंगळीपाशी सावकाश, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात जाऊन परत. मला गुदगुल्या होत होत्या आणि मी हलत नव्हते. त्यांनी मला असं धरलेलं मला त्याआधी आठवत नाही. वाटत होतं की पाय आणखी रुंद असता तर बरं झालं असतं, म्हणजे हे लवकर संपलं नसतं. दोन्ही पाय झाल्यावर त्यांनी कागद दूर धरून बघितला. "बरे आसत," ते म्हणाले. "पाय बरे आसत. चपलोच वायट."

पाच दिवसांनी ते गेले. कागद घडी करून हिराच्याच खिशात. परकर काकीने दुमडून शिवला. त्या वर्षीच्या चपला लांब होत्या, पण पुढे निमुळत्याच, त्याही माळ्यावर गेल्या.

दिवाळीला पत्र आलं. चि. सुमन हिस आशीर्वाद, अभ्यास कर, काकीचे ऐक. पायाचं काही नाही. पौषात आणखी एक आलं, त्यातही नाही. मी पत्राची मागची बाजूसुद्धा बघायची. शाळेतून आल्यावर पडवीत बसून मी स्वतःच्या पायांकडे बघायची आणि ठरवून टाकायची की बाबा विसरले. मग दुसऱ्या दिवशी ठरवायची की विसरले नाहीत, रागावले आहेत. यातलं जास्त वाईट कुठलं, ते काही ठरत नव्हतं. सांगायला कोणी नव्हतं. शालूला सांगितलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत काकीला कळलं असतं. ते चार-पाच महिने मनातल्या मनात ठेवणं मला अजून आठवतं. आता घरात एकटी असते तेव्हा निदान रेडिओ लावता येतो.

शिमग्याला पालखी खेळवायला वाडीतले तात्या मुंबईहून आले. घरातली सगळी देवळाकडे गेली होती. खळ्यात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, त्या राखायला मला ठेवलं होतं. लांबून ढोल ऐकू येत होते. तात्या जाता जाता खळ्याच्या कडेला थांबले, "तुज्या बापाशीन दिल्यान," म्हणून एक पुडकं माझ्या हातात ठेवलं आणि ढोलाच्या दिशेने पळालेच.

आत बूट होते. तपकिरी, खऱ्या चामड्याचे, पुढे बंद, वरून एक पट्टा आणि पट्ट्याला तेच सोनेरी बक्कल. पुढचा भाग भाकरीसारखा गोल आणि पसरट. मी पाय घालायला गेले तर पुढे काहीतरी अडलं. बोट घालून ओढलं, तर कागदाचा बोळा निघाला. आकार राहावा म्हणून घालतात तसा. मी तो टाकणार होते. पण त्यावर ऑगस्ट महिना दिसला.

कागद मांडीवर ठेवून सपाट केला. माझी दोन पावलं होती, घड्यांवर पुसट झालेली. आणि त्यांच्या भोवती, बोटांच्या वर, टाचांच्या खाली, दोन पावलांच्या मधल्या जागेत, बाबांचं जाड, वाकडं अक्षर. दादर, नाही. लालबाग, नाही. माहीम, लांब आहेत, रुंद नाहीत. कुर्ला, पुरुषांचे आहेत. गिरगाव, हसला. दादर परत, नाही. परळ, पुढच्या रविवारी ये म्हणाला. परळ, नाही. लिफ्टला सुट्टी रविवारची असायची. मी ती नावं मोजली नाहीत, पण कागदावर मोकळी जागा राहिली नव्हती, नुसते पाय तेवढे मोकळे होते. अगदी खाली, कोपऱ्यात, धारावी, शिवून देतो म्हणाला. पण बक्कल पाहिजे, मी म्हटले.

मी बूट घातले. बोटं सगळी आपापल्या जागी, एकमेकांच्या शेजारी बसली. मी काजूंच्या भोवती फेऱ्या मारल्या, मग खाली बसले आणि पुन्हा कागद वाचला. त्या दिवशी घरी कोणीतरी असावं असं मला फार वाटलं, आणि कोणी नाही हेही बरं वाटलं. संध्याकाळी काजू गोळा करायचे राहून गेले म्हणून काकी बोलली. तो कागद त्यांनी बोळा म्हणूनच घातला होता की मी वाचावा म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता ते नाहीत. मी पत्रात लिहिलं, बूट बरोबर झाले. याहून जास्त लिहायला मला आलं नाही.

चतुर्थी आली. फाट्यावर जायला निघताना मी ते बूट पायात घातले, तशी काकी ओरडली, "चिखलात चामड्याचे बूट? येड लागला तुका?" वेड लागलं होतं खरं. शेताच्या बांधावरून, वहाळातून, मी ते न काढता गेले. फाट्यावर ही गर्दी. एस्टी आली. बाबा पायरीवर आले आणि त्यांनी वर बघितलंच नाही. दिवसभर लिफ्टमध्ये बघायचे तसे ते खाली बघत होते. अनवाणी पायांची, रबरी चपलांची, चिखलाने भरलेली ती रांग त्यांची नजर एका टोकाकडून चाळत आली आणि माझ्या बुटांपाशी थांबली. मग सावकाश वर, माझ्या तोंडापर्यंत.

"बसले?" त्यांनी विचारलं.

"बसले," मी म्हटलं.

त्या वर्षी त्यांनी सुमा खंय, असं कोणाला विचारलं नाही.